पाच किलोंचा हिशेब

बॅटरी चांगली की वाईट हे आमच्या देवळाली प्रवऱ्यात उचलून ठरवतात. दुकानदार हमीचं कार्ड दाखवतो, कंपनीचं नाव सांगतो, अँपिअरचा आकडा वाचून दाखवतो. गिऱ्हाईक त्यातलं काही ऐकत नाही. तो पाय फाकवून उभा राहतो, दोन्ही हातांनी बॅटरी वीतभर उचलतो, तोंड वाकडं करतो आणि खाली ठेवत म्हणतो, "हां, आत माल आहे." ट्रॅक्टरची बॅटरी 20-25 किलोची असते. उचलताना कमरेत चमक भरली तर कंपनीवरचा विश्वास आणखी वाढतो. यात नुसतं अडाणीपण आहे असं समजू नका. शिशाच्या बॅटरीत जेवढं शिसं तेवढा तिचा दम, हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. शिवाय बॅटरी मेली तरी तिचं वजन मरत नाही. जुनी परत दिली की मोडीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात. थोडक्यात, येतानाही किलोवर आणि जातानाही किलोवर.

अशा मुलखातल्या माणसाला, जगात काही लोक बॅटरीचं वजन कमी व्हावं म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, हे ऐकून गरगरायला होतं. मला ते भाच्याकडून कळलं. हा भाचा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून ड्रोन चालवायचं प्रशिक्षण घेऊन आला तेव्हापासून आमच्या घरात जमिनीवरच्या विषयांना किंमत उरलेली नाही. कामाच्या दिवशी तो लोकांच्या उसावर फवारणी करतो आणि बिनकामाच्या दिवशी अमेरिकेतल्या माणसांनी आपापल्या गॅरेजात विमानं कशी बांधली याचे व्हिडिओ बघतो. मोबाइल त्याचा, सोफा माझा, त्यामुळं तेवढा काळ मलाही विमानं बांधावी लागतात.

तिकडं हा छंद जुना आहे. 1953 साली विस्कॉन्सिन राज्यात या घरगुती विमानवाल्यांची संघटना निघाली आणि दर जुलैत ऑशकॉश नावाच्या गावी त्यांची जत्रा भरते. आपल्याकडं जत्रेत बैल मिरवतात, तिकडं स्वतःच्या हातानं रिव्हेट मारलेली विमानं. व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी 1973 पासून विमानाचे सुटे भाग खोक्यांत भरून विकते आणि तिच्या आराखड्यावरची 11,000 हून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं पाहिजे. आपल्याकडं घर बांधतानाही मालक एवढं काम करत नाही, तो फक्त गवंड्याच्या मागं उभा राहून चुका काढतो.

या लोकांना एकच आजार असतो, वजनाचा. रंगाचा एक हात कमी द्यायचा, कारण रंगालाही वजन असतं. सीटला जाड गादी नको. बोल्ट मळसूत्राच्या दोन पेरांपेक्षा जास्त बाहेर आलेला दिसला तर त्यांना रात्री झोप येत नाही. आणि मग एक दिवस त्यांची नजर बॅटरीवर पडते. अशा विमानांत ओडिसी पीसी 680 ही शिशाची बॅटरी फार चालते. तिचं वजन 7 किलो. तिच्याच जागी बसणारी लिथियमची अर्थएक्स बॅटरी येते, ती 2 किलोच्याही आत. म्हणजे एका खटक्यात 5 किलो गेले. विमानाच्या पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या जरा खाली भरतो, तेव्हा 5 किलो म्हणजे सात लिटर पेट्रोल, आणि सात लिटर म्हणजे छोट्या विमानाचं जवळजवळ पाव तासाचं उड्डाण. हवेत पाव तास ही चेष्टा नाही. खाली पट्टी सापडत नसेल तेव्हा तर नाहीच.

इथं आमच्या घरातून एक सूचना आली. "पाच किलोच कमी करायचे ना? मग पोटाचे करा. ते फुकट होतात." सूचना भाच्याच्या विमानाबद्दल होती, बघणं माझ्याकडं होतं. ही सूचना अमेरिकेतही घरोघरी होत असणार, कारण तिकडच्या वैमानिकांची पोटं मी व्हिडिओत पाहिली आहेत. पण भाच्यानं तिला शास्त्रीय उत्तर दिलं. "मामी, पोट विमानाच्या मधोमध बसतं. बॅटरी नाकात बसते. मधलं वजन काढलं तर तोल बिघडत नाही, पुढचं काढलं तर बिघडतो. म्हणून मामांचं पोट विमानाला चालतं." मला हा भाचा तेव्हापासून जास्त आवडू लागला.

तोलाची ही भानगड समजून घ्यायला आमच्या लोकांना वेळ लागणार नाही, कारण विमानाचाही काटा होतो. उसाची ट्रॉली साखर कारखान्याच्या काट्यावर चढली की मालक श्वास रोखून आकडा बघतो. आकडा मनासारखा आला नाही तर पहिला संशय काट्यावर, दुसरा काट्यावाल्यावर आणि तिसरा थेट चेअरमनवर. उसाला दोन पाळ्या पाणी कमी पडलं होतं, हा विचार चौथ्या नंबरवरही येत नाही. घरी विमान बांधणाराही असाच श्वास रोखून उभा असतो, फक्त त्याला आकडा कमी यायला हवा असतो. तीन चाकांखाली तीन काटे ठेवतात. प्रत्येकावरचं वजन ठरलेल्या एका रेषेपासूनच्या अंतरानं गुणतात, बेरीज करतात, एकूण वजनानं भागतात, की विमानाचा तोल नेमका कुठं आहे ते निघतं. तो ठरावीक पट्ट्याच्या आत पडला पाहिजे. फार मागं गेला तर नाक आवरत नाही, आणि नाक न आवरणारं विमान एकदा गिरकीत गेलं की त्यातून बाहेर येईलच याची खात्री नसते. तेव्हा बॅटरी बदलली की काटा पुन्हा करायचा आणि गुणाकारही पुन्हा करायचे.

आता गंमत पाहा. बर्ट रुटान नावाच्या अमेरिकन माणसानं 1970 च्या दशकात व्हॅरी-ईझी आणि लाँग-ईझी ही घरी बांधायची विमानं काढली. दिसायला उलटी. शेपटीचे पंख पुढं, इंजिन आणि पंखा मागं. माणूस उतरला की लाँग-ईझी मागं कलंडू नये म्हणून तिचं पुढचं चाक दुमडून नाक जमिनीला टेकवून ठेवतात. इंजिन मागं असल्यामुळं नाकात काहीतरी जड हवंच असतं, आणि बॅटरीची हक्काची जागा नाकात. एखाद्यानं हौसेनं तिथं लिथियम बसवली, काटा केला, गुणाकार केले, तर कळतं की नाक हलकं झालंय. उपाय काय? नाकात शिशाची वीट. म्हणजे आधी पैसे देऊन बॅटरीतलं शिसं बाहेर काढायचं आणि मग पैसे देऊन तेच शिसं विटेच्या आकारात आत ठेवायचं. फरक एवढाच की पहिल्या शिशानं इंजिन सुरू व्हायचं, दुसरं नुसतं बसून राहतं. सहकारात वावरलेल्या माणसाला हा प्रकार नवीन वाटू नये.

बाकी लिथियम म्हणजे एकच चीज नाही. मोबाइलमध्ये असते ती कोबाल्टवाली, तापट. विमानवाले वापरतात ती लोह-फॉस्फेटची, स्वभावानं शांत. ही दुसरी जात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत निघाली आणि 1997 साली तिच्यावर जो निबंध छापून आला त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आणि दुसरं नंजुंडस्वामी यांचं होतं. दोघेही आपल्या देशातून गेलेले. गुडइनफना 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. एवढ्या वयात ते मिळालेला दुसरा माणूस नाही. बॅटरी किती वर्षं टिकते ते सोडा, शास्त्रज्ञ टिकतो असं आमच्या गल्लीत ठरलं.

तिचे चार घट एकापुढं एक जोडले की सव्वातेरा व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, म्हणजे शिशाच्या बॅटरीच्या जागी ती तशीच बसते. पण स्वभाव निराळा. शिशाची बॅटरी जुन्या सालगड्यासारखी आहे. हळू उठते, कण्हते, पाणी मागते, टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा काढते, पण सोडून जायच्या आधी दोन महिने कुरकुर करून सांगते. सकाळी स्टार्टर रेंगाळला की मालकाला कळतं, आता हिचं काही खरं नाही. लिथियमचं तसं नाही. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ. मीटर बघाल तर सगळं आबादीआबाद, आणि पुढच्या क्षणी काहीच नाही. तिच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. दाब फार वाढला, फार उतरला किंवा ती फार तापली की तो कुणाला न विचारता तार तोडतो. जमिनीवर ही चांगली सवय. हवेत, इंजिनाची ठिणगीच जर विजेवर चालत असेल, तर हा पहारेकरी घरालाच कुलूप लावून निघून गेल्याचं वरून उतरताना कळतं.

अल्टरनेटरचं उदाहरण घ्या. त्याचा रेग्युलेटर बिघडला आणि व्होल्टेज चढत गेला तर शिशाची बॅटरी तो सगळा मार अंगावर घेते. आतलं पाणी उकळतं, आम्लाचा वास सुटतो, वैमानिकाला विमान खाली आणायला वेळ मिळतो. लिथियमचा पहारेकरी त्याच वेळी तार तोडतो, बॅटरी वाचते, आणि मोकाट सुटलेला अल्टरनेटर रेडिओ आणि पडद्यांवर धावून जातो. म्हणून मग जास्त व्होल्टेज आला की अल्टरनेटरच बंद पाडणारी एक वेगळी यंत्रणा बसवायची. तिचं वजन. ठिणगी विजेवर असेल तर दुसरी छोटी बॅटरी राखीव ठेवायची. तिचं वजन. पहिली पेटलीच तर धूर बाहेर जावा म्हणून पेटी आणि नळी. त्यांचं वजन. ज्या पाच किलोंसाठी हे आरंभलं ते पाच किलो पाहुण्यांसारखे एकेक करून परत येतात... नाही, पाहुणे जातात तरी.

घरगुती विमानवाल्यांना हसावं, तर मोठ्या कंपन्यांचंही तेच झालं आहे. बोइंगनं 787 ड्रीमलायनरमध्ये वजन वाचवायला लिथियम बॅटऱ्या घातल्या. 7 जानेवारी 2013 ला जपान एअरलाइन्सच्या विमानातली एक बॅटरी बोस्टनच्या विमानतळावर पेटली, आणि नऊ दिवसांनी दुसऱ्या जपानी कंपनीचं विमान धुरामुळं ताकामात्सुला तातडीनं उतरवावं लागलं. मग जगातली सगळी 787 जमिनीवर बसवली, त्यात आपल्या एअर इंडियाची सहा होती. काही महिन्यांनी उपाय निघाला तो असा: बॅटरी एका पोलादी पेटीत कोंडायची आणि पेटीची नळी विमानाच्या बाहेर काढायची. या सगळ्यानं विमानाचं वजन 70 किलोच्या आसपास वाढलं. वजन वाचवण्यासाठी केलेल्या गोष्टीमुळं एक अख्खा प्रवासी वाढला, तोही तिकीट न काढलेला.

ती बॅटरी तापट जातीची होती, आमची शांत जातीची, असं भाचा म्हणतो. त्याचं बरंचसं खरं आहे. पण 2011 साली सेस्नाच्या सायटेशन सीजे4 या छोट्या जेटमधली शांत जातीची बॅटरीही, विमान जमिनीवर उभं असताना बाहेरून वीज जोडल्यावर पेटली होती, आणि अमेरिकेच्या विमान खात्यानं त्या मॉडेलमधून लिथियम काढून जुन्या धर्तीच्या बॅटऱ्या बसवायला लावल्या होत्या. शांत माणूस चिडत नाही असं नसतं, त्याला जास्त वेळ लागतो.

आता सगळ्यात मोठी मौज. ही विमानाची बॅटरी आपल्याकडं मागवायची तर ती प्रवासी विमानातून येऊ शकत नाही. 1 एप्रिल 2016 पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला जगभर बंदी आहे. मालवाहू विमानातून पाठवायच्या तर त्या तीस टक्क्यांहून जास्त चार्ज केलेल्या चालत नाहीत. विमानात बसवण्यासाठी बनलेली वस्तू बोटीनं येते, मग ट्रकनं येते. आमच्या इकडं यायची तर शेवटचा टप्पा नगर-मनमाड रस्त्याचा, आणि त्या रस्त्यावरून अखंड पोचलेली कुठलीही बॅटरी मी कसलीही चाचणी न घेता विमानाला लावीन. इकडं शिर्डीसाठी काकडीला 2017 च्या ऑक्टोबरात विमानतळ झाला. तिथं साईबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भक्तांना पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत ठेवायला सांगतात. माणसं वैतागतात. त्यांना वाटतं ती चोरीला जाऊ नये म्हणून सांगताहेत. खरं कारण हे की पेटलीच तर ती डोळ्यांसमोर पेटावी.

वजनाच्या बाबतीत आपला मराठी इतिहासही फारसा हलका नाही. 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण छाती फुगवून सांगतो, आणि ते पाऱ्यावर चालत होतं असंही सांगतो. पारा शिशापेक्षाही जड असतो. 1974 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी अशा कथांना आधार म्हणून पुढं केला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला आणि त्यातली विमानं उडणारी नाहीत असं लिहून ठेवलं. ते वाचून कुणाची छाती कमी झाल्याचं दिसलं नाही.

ज्याबद्दल खरोखर छाती फुगावी ते काम कांदिवलीला चारकोपमध्ये झालं. कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. मुंबईत गच्चीवर पापड वाळत घालायचे तर सोसायटीची परवानगी लागते, तिथं यांनी विमान उभं केलं. 2016 च्या फेब्रुवारीत बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते सुटं करून खाली आणावं लागलं आणि 2017 साली त्याला व्हीटी-एनएमडी असा नोंदणी क्रमांक मिळाला. विमान हवेत जड झालं की वजन कमी करता येतं. कागद जड झाले की काय करतात, हे यादवांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. आमच्या जिल्ह्यालाही या क्षेत्रात अगदीच मागासलेलं समजू नका. नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे, आणि 'निशांत' या बिनवैमानिकाच्या विमानासाठी जे देशी बनावटीचं 55 अश्वशक्तीचं वांकेल इंजिन झालं त्यात तिचा हात आहे. पण नगर म्हटलं की लोक अजून चांदबीबीच्या महालापाशीच थांबतात.

मला विचाराल, आणि कुणी विचारलेलं नाही, तर बॅटरीच्या वजनाचा सर्वांत चोख बंदोबस्त राइट बंधूंनी केला. 1903 साली इंजिन सुरू करायला त्यांनी कोरड्या घटांची बॅटरी वापरली, इंजिन धडधडलं, आणि मग ती बॅटरी त्यांनी वाळूवरच ठेवून दिली. हवेत ठिणगी द्यायला मॅग्नेटो होता. बारा सेकंद उडाले, पण बॅटरीचा एक ग्रॅम वर नेला नाही. त्याआधी 1884 साली फ्रान्समध्ये रेनार आणि क्रेब्स या दोघांनी उलटा मार्ग धरला होता. हवेपेक्षा हलक्या फुग्याच्या जहाजात 435 किलोची बॅटरी घालून विजेच्या मोटरवर ते 23 मिनिटांत 8 किलोमीटरचा फेरा मारून निघाल्या जागी परत आले. एसटीचा आमच्या रस्त्यावरचा पावसाळ्यातला वेग साधारण तेवढाच पडतो. बॅटरी वर न्यायचीच नसेल तर आणखी एक सोय आहे, ती म्हणजे पंखा हातानं फिरवायची. पायपर कबसारखी जुनी विमानं अशीच सुरू होतात. लिस्टरच्या इंजिनाला हँडल मारून ज्यांनी मोटेनंतरची शेती केली त्या आमच्या पिढीला यात काही विशेष वाटत नाही. हँडल उलटं फिरून मनगट मोडलेली माणसं अजून आमच्या पारावर आहेत, आणि विमानाच्या पंख्याचा झटका मनगटावर थांबत नाही, एवढाच काय तो फरक.

पेट्रोल अजिबात सोडून बॅटरीवरच उडायचं हे भाच्याचं पुढचं स्वप्न. तेही जमलंय. पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी वेलिस इलेक्ट्रोला युरोपात 2020 साली रीतसर प्रमाणपत्र मिळालं. त्यात 70 किलोच्या दोन बॅटऱ्या, आणि उड्डाण सुमारे 50 मिनिटांचं. एक किलो पेट्रोलात जेवढी ऊर्जा असते तेवढी बॅटरीत भरायची तर साठ-सत्तर किलो बॅटरी लागते. पेट्रोलचं इंजिन त्यातली बरीच ऊर्जा नुसतीच तापून घालवतं म्हणून थोडी बरोबरी होते. पण मला खटकली ती गोष्ट निराळी. पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी मात्र भरलेली असो की रिकामी, वजन तेवढंच. भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली काट्यावर सारखीच भरते असं आमच्याकडं कुणी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मोर्चा जाईल.

हलक्या बॅटरीचा खरा अनुभव आमच्या गावाला आला तो विमानातून नव्हे, ड्रोनमधून. भाच्याच्या ड्रोनला 10 लिटरची टाकी आहे आणि सगळं भरून त्याचं वजन 25 किलोच्या आत बसवलंय, कारण 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचा 'लहान', त्यावरचा 'मध्यम', आणि मध्यम झाला की कागदही मध्यम होतात. एका बॅटरीजोडीवर दहाएक मिनिटं उडतो. म्हणून पिकअपमध्ये चार-पाच जोड्या, त्यांचा चार्जर आणि चार्जरला वीज द्यायला एक पेट्रोलचा जनरेटर. ड्रोन हलका राहावा म्हणून बांधावर जे सामान लागतं ते उतरवायला दोन माणसं लागतात. त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही असा नियम आहे. तेव्हा उसाचा मालक उन्हात उभा असतो आणि बॅटऱ्या लिंबाच्या सावलीत. एकदा एक बॅटरी फुगली. भाचा म्हणाला, "ही आता वापरायची नाही." मालक म्हणाला, "फुगली म्हंजे फुल भरली ना?" फुगलेली बॅटरी घेऊन आम्ही मोडीच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं ती हातात घेतली, उचलली, पुन्हा उचलली आणि विचारलं, "आतलं कुठंय?" भाव काही फुटला नाही. उलट ती दुकानाबाहेर लांब ठेवा म्हणाला.

लोह-फॉस्फेटची बॅटरी विमानाला लावूच नये असं माझं म्हणणं नाही. अल्टरनेटरवर पहारा ठेवला, तिला इंजिनाच्या झळेपासून दूर नीट पेटीत बसवली, काटा पुन्हा केला, तर ती चांगलं काम देते, आणि ज्या विमानांना आधीच नाक जड आहे त्यांना तर ती वरदान. पण व्यवहारात काढलेलं वजन पुन्हा घालावं लागतं ही गोष्ट मला कुणी दोन वाक्यांत पटवली असेल तर ती शेजारच्या आप्पांनी. आप्पा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि भाच्याच्या मोबाइलात डोकावले.

"किती भरती म्हणतो ही बॅटरी?"

"सातची दोन किलोत येते, आप्पा."

"मग ट्रॅक्टरची पंचवीसची?"

"सहा-सातात बसेल."

आप्पांनी मनात ट्रॅक्टर उभा केला. त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी पुढं, रेडिएटरच्याही पुढं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. शेतातून डांबरीवर चढताना पुढची चाकं उचलतात म्हणून बंपरवर बिडाची वजनं लटकवलेली असतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर टोळीतली दोन पोरं बॉनेटवर बसतात.

"नाय चालायची. तोंड उठंल वर."

"विमानातपण तेच होतं," भाचा खूष होऊन म्हणाला. "मग ते लोक पुढं शिसं ठेवतात."

"किती?"

"जेवढं काढलं साधारण तेवढं."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. "शिसं तर जुन्या बॅटरीत होतंच की रं."

भाच्यानं मग त्यांना गुणाकार समजावले, तीन चाकांखालचे तीन काटे समजावले, तोलाचा पट्टा समजावला. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "बांध विमान तू. पण काटा कारखान्यावर करून आण. बॅटरीला पैसे घालायची गरजच नाय, तिथं ते आपोआप हलकं भरंल."